बल्बमध्ये भेटणारे दोन बाण

ज्या उत्तरपत्रिकेमुळे मी या संशोधनाकडे वळले, ती मीच तपासली होती आणि त्या प्रश्नाला पूर्ण गुणही मीच दिले होते. प्रश्न होता साध्या विद्युत परिपथाची नामनिर्देशित आकृती काढण्याचा. विद्यार्थिनीने विद्युतघट, कळ, बल्ब, तारा हे सारे पट्टीने आखून नीट काढले होते. शेजारी विद्युतधारेची व्याख्या पुस्तकातल्या शब्दांत, एकही काना-मात्रा न चुकता लिहिलेली होती. गुणांची बेरीज पडताळताना माझे लक्ष तारांवरच्या दोन बारीक बाणांकडे गेले. एक बाण घटाच्या धन अग्राकडून बल्बकडे जात होता, दुसरा ऋण अग्राकडून बल्बकडेच येत होता, आणि दोन्ही बाण बल्बपाशी थांबत होते. बाण दाखवायला प्रश्नात सांगितलेच नव्हते. ते तिने आपणहून काढले होते. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून बाणांचा अर्थ विचारला. ती जराही न अडखळता म्हणाली, "बाई, दोन्हीकडून येते आणि बल्बमध्ये भेटते, म्हणून तर उजेड पडतो."

मी तोपर्यंत बरीच वर्षे विज्ञान शिकवत होते. धडा शिकवून झाला, स्वाध्याय सोडवून घेतला, परीक्षेत गुण मिळाले, म्हणजे संकल्पना स्पष्ट झाली असे मी धरून चालले होते. या मुलीची व्याख्या बरोबर होती, आकृती बरोबर होती, आणि तरी तिच्या डोक्यातला परिपथ माझ्या डोक्यातल्या परिपथाहून अगदी वेगळा होता. माझ्या परीक्षेला हा फरक दिसतच नव्हता, ही गोष्ट मला फार लागली. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शोधप्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी हाच विषय घेतला: साध्या विद्युत परिपथाविषयी माध्यमिक वर्गातल्या मुलांच्या चुकीच्या संकल्पना.

पहिला आराखडा वाचून माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला चुका मोजायच्या आहेत की समजून घ्यायच्या आहेत?" मला त्या वेळी या दोन्हींत फारसा फरक वाटत नव्हता. संबंधित साहित्याचा आढावा घेताना तो हळूहळू कळत गेला. मुलांच्या चुकांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची परंपरा जुनी आहे. जाँ पियाजे यांनी 1920च्या दशकात मुलांच्या दीर्घ मुलाखती घेऊन सूर्य, ढग, स्वप्ने यांविषयीच्या त्यांच्या कल्पना नोंदवल्या होत्या. विद्यार्थ्याला आधीपासून काय माहीत आहे ही शिकण्यावर परिणाम करणारी सर्वांत महत्त्वाची बाब आहे, असे डेव्हिड ऑसुबेल यांनी 1968 मध्ये लिहिले. विजेच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडले ते न्यूझीलंडमधील रॉजर ऑस्बर्न यांचे 1980च्या दशकाच्या सुरुवातीचे काम. घट, बल्ब आणि तारा मुलांपुढे ठेवून त्यांनी मुलांशी बोलणे केले आणि त्यांच्या विचारांच्या चार तऱ्हा वेगळ्या काढल्या. पहिल्या तऱ्हेत धारा एकाच तारेने बल्बकडे जाते आणि दुसरी तार नावापुरती असते. दुसरीत दोन्ही अग्रांकडून धारा येऊन बल्बमध्ये भिडतात. तिसरीत धारा फिरून घटाकडे परत येते, पण बल्बमध्ये थोडी खर्च झाल्यामुळे परतीच्या तारेत कमी असते. चौथी तऱ्हा विज्ञानाला मान्य असलेली, म्हणजे दोन्ही तारांत धारा सारखीच. माझ्या विद्यार्थिनीचे दोन बाण मला तिथे जसेच्या तसे भेटले. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या पुस्तकातून शिकणाऱ्या मुलांनी तेच बाण काढले होते, हे वाचून मी बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसले होते.

इंग्लंडमध्ये डेव्हिड शिपस्टोन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने मला आणखी चकित केले. वय वाढते तशी भिडणाऱ्या धारांची कल्पना मागे पडते, पण धारा वाटेत खर्च होते ही कल्पना मात्र शाळेत वीज शिकवली जाण्याच्या वयात, साधारण चौदाव्या वर्षापर्यंत, वाढत जाते, असे त्यांना आढळले होते. आपण शिकवत असतानाच एक चुकीची कल्पना बळावत असेल, तर आपल्या शिकवण्यातले काहीतरी तिला खतपाणी घालत असले पाहिजे, हा विचार मनातून जाईना.

पुढचे काम साधनाचे. मी उत्साहाने वीस प्रश्नांची बहुपर्यायी कसोटी तयार केली. प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर पर्याय आणि तीन चुकीचे. चुकीचे पर्याय मी घरी बसून, माझ्या डोक्याने रचले होते. पथदर्शी अभ्यासात ही कसोटी दिल्यावर माझ्या रचलेल्या चुकांकडे मुलांनी जवळपास ढुंकूनही पाहिले नाही. निकाल छान लागला आणि त्यातून मला काहीच कळले नाही. मार्गदर्शकांनी मग मला भौतिकशास्त्रातल्या बलविषयक कसोटीची गोष्ट सांगितली. डेव्हिड हेस्टिनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या कसोटीत 29 प्रश्न होते, 1995 च्या सुधारित आवृत्तीत 30 झाले. तिचे बळ तिच्या चुकीच्या पर्यायांत होते, कारण ते विद्यार्थ्यांच्या तोंडून आलेल्या उत्तरांवर बेतलेले होते. मी वीसच्या वीस प्रश्न बाजूला ठेवले आणि उत्तरांच्या जागा कोऱ्या सोडून नवे प्रश्न मुलांना दिले. जमलेल्या कागदांतून पर्याय निवडले. शिवाय डेव्हिड ट्रीगस्ट यांनी 1988 मध्ये मांडलेल्या द्विस्तरीय पद्धतीप्रमाणे प्रत्येक प्रश्नाखाली "असे का?" हा दुसरा स्तर जोडला. या दुसऱ्या स्तराने कसोटीचा चेहराच पालटला. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक जोडल्यावर, सारखेच प्रकाशतील, हे बरोबर उत्तर निवडणाऱ्यांपैकी काहींनी कारण लिहिले होते, "कारण एका बल्बला एका बाजूने मिळते आणि दुसऱ्याला दुसऱ्या बाजूने." जुन्या कसोटीत या उत्तरांना पूर्ण गुण मिळाले असते.

कसोटीवरून 24 मुले निवडून मी मुलाखती घेतल्या. शाळेची परवानगी, पालकांची लेखी संमती, मुलांची स्वतःची संमती, ध्वनिमुद्रणाची परवानगी हे सगळे रीतसर झाले होते. नावांऐवजी क्रमांक वापरायचे ठरले. माझी तयारी चोख आहे या विश्वासाने मी पहिल्या तीन मुलाखती उरकल्या आणि शब्दांकन करायला बसले.

ते शब्दांकन करताना जे दिसले ते मी प्रबंधात एका परिच्छेदात लिहिले आहे, पण इथे सविस्तर सांगते, कारण या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. कागदावर माझ्या ओळी मुलांच्या ओळींपेक्षा जास्त होत्या. मूल म्हणे, "या तारेतून कमी जाते," आणि पुढची ओळ माझी असे: "कमी? नीट विचार कर बरं. आपण वर्गात काय शिकलो?" मग मूल म्हणे, "सारखी जाते." मग मी म्हणे, "छान!" आणि पुढचा प्रश्न. तिन्ही मुलाखतींत मी मुलाला वाटेवर आणून सोडले होते. त्याची स्वतःची वाट कुठे जात होती हे विचारलेच नव्हते. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना मी माझ्या प्रश्नानंतरची शांतता घड्याळ लावून मोजली. क्वचितच ती एका सेकंदापलीकडे गेली होती. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शिक्षकांच्या याच सवयीचा अभ्यास केला होता आणि थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे लांबतात, तर्कशुद्ध होतात असे दाखवले होते. मी ते वाचले होते, टिपणवहीत उतरवूनही घेतले होते. त्या तीन मुलाखती मला वगळाव्या लागल्या. त्यांच्या जागी नवी मुले निवडली आणि चौथ्या मुलाखतीच्या आधी टेबलावर माझ्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: "शिकवू नको. थांब. 'म्हणजे कसं?' एवढंच विचार."

ही सवय मोडायला मला सर्वांत जास्त कष्ट पडले. शिक्षकाला चुकीचे उत्तर ऐकून गप्प बसणे शारीरिकदृष्ट्या जड जाते, हे मी अनुभवाने सांगते. चूक दुरुस्त न करता मुलाला वर्गात परत पाठवणे मला अनैतिक वाटे. मार्गदर्शकांशी बोलून मी असे ठरवले की मुलाखत पूर्ण संपल्यावर, ध्वनिमुद्रण बंद करून, प्रत्येक मुलाबरोबर दहा मिनिटे बसायचे आणि त्याला हवे ते करून पाहू द्यायचे. त्यानंतर माझी घालमेल कमी झाली.

सातव्या मुलाखतीत मला पहिल्यांदा ऐकू येऊ लागले. घट, बल्ब आणि दोन तारा टेबलावर होत्या. मुलाने बल्ब लावला. मी विचारले, "या तारेत काय चाललंय?" तो बल्बकडे जाणाऱ्या तारेवरून बोट फिरवत म्हणाला, "इथून जाते." बोट बल्बपाशी थांबले. मी थांबले. बराच वेळ गेला. मग त्याने बोट उचलले आणि परतीच्या तारेवरून, मघापेक्षा अगदी हळू, फिरवले. "इथून पण जाते, पण दमून जाते." मी विचारले, "दमून म्हणजे कसं?" तो म्हणाला, "बल्बने तिच्यातलं काढून घेतलं ना. आता ती रिकामी परत चाललीय. भरायला." त्याच्या या वाक्यात धारा आणि ऊर्जा या दोन गोष्टी एकाच शब्दात बसल्या होत्या. धारा परत येते हे त्याला माहीत होते. बल्बला काहीतरी मिळते आणि ते परत येत नाही, हेही त्याला माहीत होते, आणि तेही खरेच आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी त्याने "ती" या एकाच सर्वनामावर लादल्या होत्या. कसोटीत त्याने "परतीच्या तारेत धारा कमी असते" हा पर्याय निवडला होता आणि मी तिथे फुली मारली होती.

त्या रात्री मी माझी स्वतःची पाठटिपणे काढून पाहिली. "बल्ब वीज वापरतो." "पंख्याला जास्त वीज लागते." "सेल संपला." "वीज तारेतून वाहते." एकाच तासात मी "वीज" हा शब्द कधी धारेसाठी, कधी ऊर्जेसाठी वापरला होता. वीज वाहते आणि वीज खर्च होते, ही दोन्ही विधाने एकाच शब्दाने केल्यावर वाहणारी गोष्टच खर्च होते असा निष्कर्ष कोणीही विचारी मूल काढेल. शिपस्टोन यांच्या निष्कर्षाने पडलेल्या कोड्याचे उत्तर, निदान माझ्या वर्गापुरते, मला माझ्याच हस्ताक्षरात सापडले होते.

प्रयोगाच्या साहित्याचाही एक धडा मला मुलांकडून मिळाला. मुलाखतीच्या दुसऱ्या भागात दोन सारखे बल्ब एकसर जोडून कोणता जास्त प्रकाशेल असा अंदाज विचारायचा आणि मग जोडून दाखवायचे, अशी योजना होती. नवव्या मुलाखतीतल्या मुलीने अंदाज सांगितला, "पहिला जास्त, कारण त्याला आधी मिळते." मी परिपथ जोडला आणि धन अग्राजवळचा बल्ब खरोखरच स्पष्टपणे जास्त प्रकाशला. ती समाधानाने माझ्याकडे बघत राहिली. दोन्ही बल्ब एकाच खोक्यातले होते, दोन्हींवर छापलेले आकडे सारखे होते, पण त्यांच्या तंतूंच्या रोधांत फरक होता आणि एकसर जोडणीत तो उजेडात दिसत होता. मी त्या क्षणी काहीच बोलू शकले नाही. मग सुचले म्हणून विचारले, "आता आपण घट उलटा केला तर?" ती लगेच म्हणाली, "मग तो दुसरा जास्त लागेल, कारण आता तो पहिला झाला." घट उलटा केला. आधीचाच बल्ब जास्त प्रकाशत राहिला. तिने घट पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला, बल्बांच्या जागा बदलल्या. चार-पाच मिनिटे ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "याचं जागेशी काही नाही. हा बल्बच तसला आहे." मी आखलेल्या प्रात्यक्षिकाने जे साधले नसते ते या बिघडलेल्या प्रात्यक्षिकाने साधले, कारण तिच्या कल्पनेने आधी एक अंदाज जिंकला होता आणि मग तिच्याच नियमाप्रमाणे दुसरा हरला होता.

यानंतर मी बल्बांच्या जोड्या जुळवून घेतल्या, प्रत्येक जोडी एकसर जोडून तपासली आणि चिठ्ठ्या लावल्या. धारा मोजणाऱ्या अमीटरचेही तसेच करावे लागले. बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक अमीटर लावल्यावर एक 0.22 आणि दुसरा 0.21 अँपिअर दाखवत असे, आणि मुले त्या शेवटच्या अंकावर बोट ठेवून म्हणत, "बघा, एवढी खर्च झाली." मापनातली त्रुटी आणि खरा फरक यांतले अंतर आपण त्यांना कधी शिकवलेलेच नसते. अमीटरांची अदलाबदल केल्यावर 0.22 परतीच्या तारेत दिसू लागे. काही मुलांना ते पटे. एकाने मात्र "मग दोन्ही मीटर खराब आहेत" असे शांतपणे सांगितले, आणि मला त्याचाही आदर वाटला, कारण मोठमोठ्या संशोधकांनीही प्रिय सिद्धांत आणि उपकरण यांत निवड करायची वेळ आल्यावर अनेकदा उपकरणालाच दोष दिला आहे.

संकेतनाचे काम सर्वांत लांबले. मुलाखतींतल्या विधानांवरून ऑस्बर्न यांच्या चार तऱ्हांपैकी एकीचा संकेत द्यायचा, असे मी ठरवले होते. एका सहकारी शिक्षिकेने स्वतंत्रपणे तेच काम केले आणि आम्ही जेकब कोहेन यांच्या 1960 मधील कप्पा (kappa) गुणकाने आमच्यातले एकमत मोजले. पहिल्या फेरीत ते निराशाजनक निघाले. वाद घालत बसल्यावर लक्षात आले की भांडण आमच्यात नसून संकेतांत आहे. एकच मूल एका प्रश्नात भिडणाऱ्या धारा मानत होते आणि पुढच्या प्रश्नात खर्च होणारी धारा. मी त्याला एका कप्प्यात बसवू पाहत होते, माझी सहकारी त्याच्या प्रत्येक विधानाला वेगळा कप्पा देत होती.

इथे मला अँड्रिया डिसेसा यांचे 1993 मधील लेखन कामी आले. मुलांच्या डोक्यात पक्के, सुसंगत चुकीचे सिद्धांत असतात असे मानण्याऐवजी रोजच्या अनुभवातून आलेले छोटे छोटे आडाखे असतात आणि प्रसंगानुसार त्यांतला एखादा जागा होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. "वापरले की संपते", "जवळचा असतो त्याला आधी मिळते", "जास्त लावले की जास्त होते" हे आडाखे पाण्याच्या नळापासून खेळातल्या रांगेपर्यंत बहुतेक ठिकाणी बरोबरच असतात. दुसऱ्या बाजूला, स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पृथ्वीच्या आकाराविषयीच्या अभ्यासात 60 मुलांपैकी बहुतेकांची मने सुसंगत प्रतिमा घेऊन चालताना दिसली होती: सपाट पृथ्वी, थाळीसारखी पृथ्वी, आत माणसे राहतात अशी पोकळ गोल पृथ्वी. हा वाद माझ्या प्रबंधाने मिटणारा नव्हता. माझ्या मुलांपुरते मी एवढेच लिहिले की भिडणाऱ्या धारांची कल्पना बहुधा चित्रासारखी, पूर्ण असते, आणि खर्च होणाऱ्या धारेची कल्पना बहुधा आडाख्यासारखी, प्रसंग बघून पुढे येते. संकेतन मूल या एककावरून उत्तर या एककावर आणले आणि दुसऱ्या फेरीत आमचे एकमत पुरेसे झाले.

याच सुमारास "चुकीची संकल्पना" हा शब्द मला टोचू लागला. पर्यायी संकल्पना म्हणावे की नाही यावर मार्गदर्शकांशी बरीच चर्चा झाली. इतिहास वाचताना मला दिसले की 1820 मध्ये आंद्रे-मारी अँपिअर यांनीही तारेत धन आणि ऋण अशा दोन विजा विरुद्ध दिशांनी वाहतात असे मानले होते आणि सोयीसाठी त्यांतल्या धन विजेची दिशा ती धारेची दिशा असे ठरवले होते. ही कल्पना माझ्या विद्यार्थिनीच्या दोन बाणांसारखी तंतोतंत नाही. अँपिअर यांच्या विजा एकमेकींना ओलांडून साऱ्या परिपथात फिरत होत्या, तिचे बाण बल्बमध्ये संपत होते. तरीही ज्यांच्या नावाच्या एककात आपण धारा मोजतो त्यांनी दोन बाण काढले होते, हे कळल्यावर त्या मुलीच्या आकृतीला नुसती चूक म्हणणे मला जमेना. शीर्षकात विद्यापीठीय रूढीप्रमाणे जुनाच शब्द ठेवला, आत मात्र बहुतेक ठिकाणी "मुलांच्या कल्पना" असे लिहिले.

अध्यापनाचा टप्पा मी छोटा ठेवला होता. जॉर्ज पोस्नर आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये सांगितलेल्या चार अटी समोर होत्या: जुन्या कल्पनेविषयी असमाधान वाटले पाहिजे, नवी समजली पाहिजे, पटली पाहिजे आणि पुढे उपयोगी पडली पाहिजे. पहिल्या अटीसाठी अंदाज बांधणे, पाहणे आणि कारण सांगणे ही पद्धत वापरली. दुसरीसाठी दोरी वापरली. मुले गोलात उभी राहिली आणि एका लांब दोरीची दोन टोके बांधून केलेला वेढा सगळ्यांच्या बोटांच्या सैल कड्यांतून गेला. मी घट झाले आणि दोरी ओढू लागले. साऱ्या गोलात दोरी एकदमच हलली. मग एका मुलाला पकड थोडी घट्ट करायला सांगितले. "गरम होतंय," तो ओरडला, आणि सगळ्यांच्या हातातली दोरी एकाच वेळी मंदावली. "त्याच्यापुढची दोरी बारीक झाली का? कमी झाली का?" असे विचारल्यावर मुले हसली. मग कोणीतरी म्हणाले, "दोरी तेवढीच आहे. बाईंचा जोर खर्च होतोय." "वीज" हा शब्द मी त्या तासांत पूर्ण वर्ज्य केला होता; फक्त धारा आणि ऊर्जा.

उत्तरचाचणीचे निकाल चांगले आले. मार्गदर्शकांच्या आग्रहावरून काही आठवड्यांनी तीच कसोटी पुन्हा दिली, आणि बरीच उत्तरे जुन्या जागी परतलेली दिसली. दोरीच्या तासात "दोरी तेवढीच आहे" म्हणणाऱ्या मुलांपैकीही काहींनी परतीच्या तारेत धारा कमी असते असे लिहिले होते. प्रबंध मांडताना हे आकडे झाकावेत असा मोह मला झाला होता, हे कबूल करते. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ व्हॅल्कार्सेल यांचा 2012 मधील अभ्यास मला तेव्हा सापडला. विज्ञान शिकलेल्या प्रौढांनाही बालपणीच्या समजुतीशी न जुळणारी शास्त्रीय विधाने पडताळायला जुळणाऱ्या विधानांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि चुकाही जास्त होतात, म्हणजे जुनी कल्पना पुसली जात नाही, ती नव्या कल्पनेखाली शिल्लक राहते, असे त्यातून दिसते. मग मी दुसऱ्या स्तरावरची कारणे पुन्हा वाचली. पर्याय जुना निवडणाऱ्या काही मुलांच्या कारणात आता "ऊर्जा कमी होते म्हणून" असा शब्द आला होता. शब्द वेगळे झाले होते, त्यांच्या जागा अजून वेगळ्या व्हायच्या होत्या. मी दोन्ही चाचण्यांचे तक्ते शेजारी शेजारी छापले.

मौखिक परीक्षेत एका परीक्षकांनी विचारले, "एवढे सगळे करून शिक्षकाच्या हाती काय लागते?" मी फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधील अभ्यासाचा आधार दिला: ज्या प्रश्नांत एखादी ठळक चुकीची कल्पना दडलेली असते, तिथे मुले कोणते चुकीचे उत्तर निवडतील हे ज्या शिक्षकांना आधी सांगता येते, त्यांचे विद्यार्थी जास्त शिकतात, नुसते बरोबर उत्तर माहीत असणे शिक्षकाला तेवढे पुरत नाही. पण माझ्या मनात खरे उत्तर सतराव्या मुलाखतीतले होते. अमीटरची अदलाबदल करून झाल्यावर त्या मुलाने मान्य केले होते की दोन्हीकडे धारा सारखीच आहे. मग तो घट हातात घेऊन, उलटसुलट करून पाहत म्हणाला होता, "सगळी परत येते, तर मग सेलमधलं संपतं तरी काय?" शब्दांकनात मी या वाक्याला खर्च होणाऱ्या धारेचा संकेत दिला होता. माझ्या सहकारी शिक्षिकेने तो खोडून समासात लिहिले होते, "हा गैरसमज नाही. हा पुढचा धडा आहे." घटातल्या रसायनांत साठलेली ऊर्जा अभिक्रियेबरोबर कमी होत जाते, हे आमच्या पाठ्यक्रमात बरेच नंतर येते. मी तो क्रम माझ्या वर्गापुरता बदलला. आता विजेचा धडा मी या मुलाच्या प्रश्नाने सुरू करते आणि ऊर्जेचा हिशेब आधी मांडून मग धारेकडे येते.

न जुळणाऱ्या बल्बांची ती जोडी मी टाकून दिली नाही. ती वेगळ्या डबीत ठेवली आहे आणि दरवर्षी पहिल्या तासाला तीच काढते. परिपथ जोडते, एक बल्ब जास्त प्रकाशतो, "पहिल्याला आधी मिळते" असे निम्मा वर्ग म्हणतो, आणि मी काहीही न बोलता थांबते. यंदा ती शांतता बरीच लांबली. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, घट उलटा करून बघू का?" आणि ती उठून टेबलापाशी आली.